कर आणि किमान वेतन वाढलं की रोजगार बुडतो का?

"भरमसाट कर आणि किमान वेतनाचे कायदे यांमुळे शेवटी कामगाराचाच रोजगार बुडतो, हे खरं का?" असा प्रश्न आहे. हेच वाक्य मी लहानपणापासून मामाच्या तोंडून ऐकत आलेय, म्हणून लिहायला बसले.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधायची, पहाटे पत्रा ठेवून कात्रीने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायची ते दिवेलागणीपर्यंत. मामा एका विडी कारखान्यात हिशेब लिहायचा.

मी नववीत असताना हजार विड्यांमागचा दर वाढला. बायकांनी उन्हातान्हात मोर्चे काढून मिळवलेली वाढ होती ती. पुढच्याच आठवड्यात आईला हजार विड्यांसाठी मिळालेली पानं मला हलकी वाटली. वाण्याच्या काट्यावर ठेवली तर साडेपाचशे ग्रॅम भरली. आधी साडेसहाशे मिळायची. विड्या मात्र हजारच द्यायच्या! कमी पडलेली पानं आई पदरच्या पैशाने विकत आणायची. छाटही वाढली. तपासणारा मूठ-दोन मुठी विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा, त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. महिनाभराचा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर मांडला. वाढलेल्या रुपयातले चार आणेसुद्धा घरात येत नव्हते. वही मामाला दाखवली. तो म्हणाला, "मालकाला परवडायला नको? दर वाढवून मागाल तर आहे ते कामही जाईल." तेव्हापासून आमचं भांडण सुरू आहे.

मामाचं अर्धं खरं आहे, ते मान्य करते. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, तेव्हा पुष्कळ मालकांनी एका छपराखालचं काम मोडून ते ठेकेदारांमार्फत घराघरांत पाठवलं. केरळात कन्नूरला तर मंगळुरूच्या मालकांनी काम बंदच केलं आणि हजारो माणसं घरी बसली. पण पुढे काय झालं तेही सांगा ना! १९६९ मध्ये त्याच कामगारांची दिनेश बीडी ही सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने किमान वेतन देऊन अनेक वर्षं धंदा केला. बाकी ठिकाणीही काम गेलं नाही, ते तपासनीस जिथे फिरकत नाही तिथे गेलं. तो कायदा घरच्या कामालाही लागू होता, सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये तो उचलूनही धरला. आमच्या गल्लीत मात्र तपासायला आलेला माणूस मी एकदाही पाहिला नाही.

कराचंही तसंच. वर्षाला २० लाखांपर्यंत बिनछापाच्या, म्हणजे ब्रँड नसलेल्या, हातविड्या करणाऱ्या लहान उत्पादकाला अबकारी कर माफ होता. मग मोठ्याने लहान दिसायची सोय झालीच. २०१७ मध्ये जीएसटी आला तो विडीवर २८ टक्के आणि तेंदूपानावर १८ टक्के. याचा ताण बायकांच्या कामाच्या दिवसांवर आला, हे मी नाकारत नाही. पण त्याच वर्षी विडी कामगार कल्याणाचा उपकर रद्द झाला, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. माझी कॉलेजची शिष्यवृत्ती त्याच उपकराच्या पैशातून आली होती. त्यामुळे कोणी सरसकट "कर वाईट" म्हणालं की माझं डोकं फिरतं.

तुम्ही अर्थशास्त्र शिकत असाल तर नुसत्या दराचा तक्ता पाहू नका. माल कोण तोलतं, छाट कोण काढतं, हे विचारा. "परवडत नाही" म्हणणाऱ्याकडे वजनाची वही मागा.

हो, एक राहिलं. तंबाखू वाईटच. विडीवर जबर कर असावा, हे मला पटतं, फक्त आधी या बायकांना दुसरं काम द्या. सगळेच मालक लबाड असतात असंही नाही, आणि विडीची मागणी तशीही घटते आहे. हे प्रत्येक धंद्याला लागू पडेलच असं नाही.

मामा आता निवृत्त झालाय, त्याची सगळी वर्षं कागदावर आहेत. आईच्या पीएफमध्ये चाळीसपैकी सतरा वर्षं भरलेली निघाली. उरलेली तेवीस किमान वेतनाने बुडवली का, हे त्याने मला एकदा सांगावं.