सीएचा आकडा म्हणजे निवाडा नव्हे

भावंडांनी वडिलांच्या इस्टेटीचा हिशोब सीएवर सोपवला, ‘त्याचा निर्णय अंतिम व बंधनकारक’ असं लिहून दिलं, म्हणून तू थेट दरखास्त, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावायला निघालास. थांब जरा. आधी करारनामा वाच. दोघांचं ऐकून, पुरावा घेऊन त्याने वाद मिटवायचा होता, की फक्त वह्या तपासून आकडा काढायचा होता? आकडाच काढायचा असेल तर तो लवादाचा (दोघांनी कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाचा) निवाडा नाही, आणि दरखास्त लागते ती निवाड्यावर किंवा हुकूमनाम्यावर. के. के. मोदी विरुद्ध के. एन. मोदी (१९९८) बघ. कौटुंबिक वाटणीच्या त्या करारात आयएफसीआय या वित्तसंस्थेच्या अध्यक्षांचा निर्णय दोन्ही गटांवर बंधनकारक होता, तरी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम लवादाचं मानलं नाही. म्हणजे करारावर दावा लावणं आलं, आणि त्याची मुदत साधारण ३ वर्षं.

समोरचा ‘आकडा चुकला’ म्हणेल. तेवढ्याने सहसा बिघडत नाही. ‘सीएने न सोपवलेलंच ठरवलं’ म्हणाला, तर मात्र घाम फुटतो. वाटपाचा दावा आधीच चालू असेल आणि सगळे राजी असतील, तर तो आकडा तडजोडीच्या अर्जात घालून हुकूमनामा करून घे. (मी पहिल्या खेपेला विसरलो होतो, सिनिअरनी बाररूममध्ये सगळ्यांदेखत झापलं.) मग लाव दरखास्त.