वकील न लावता स्वतः दावा लढला तर कोर्ट फी माफ होते का?

नाही, वकील नसला तरी कोर्ट फी पूर्णच लागते. सवलत मिळते ती फी भरण्याची ऐपत नसेल तर. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली ‘निर्धन व्यक्ती’ म्हणून अर्ज करा. त्यात दाव्याचा सगळा मजकूर, तुमच्या स्थावर-जंगम मालमत्तेची अंदाजे किमतीसह यादी आणि सत्यापन (मजकूर खरा असल्याची सहीनिशी ग्वाही) हवं; अर्ज स्वतः हजर राहून द्यायचा. बहुतेक अडतं ते यादीतच: काही दडवू नका. मात्र ही फी कायमची सुटत नाही, निकालानंतर ती वसूल होऊ शकते, दावा जिंकलात तरी. महाराष्ट्रातल्या महिलांनी आधी १ ऑक्टोबर १९९४ ची अधिसूचना पाहावी: पोटगी, वैवाहिक संबंधांतून उद्भवलेले मालमत्तेचे वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत त्यांना फीच नाही. दाव्यातच या अधिसूचनेचा उल्लेख करा.