मृगळच्या अंगावर लाल चट्टे: कळवायचं की लपवायचं?

प्रश्न: ताई नमस्कार, वाघोडियाजवळ माझ्या मामांचं छोटं तळं आहे, त्यात रोहू, मृगळ आणि थोडे कॉमन कार्प सोडलेत. थंडी पडली तशी मृगळच्या अंगावर लाल चट्टे आले, मग खोल जखमा, आता रोज चार-पाच मरतायत, कार्प मात्र ठणठणीत. शेजारी म्हणतात मेलेले कॅनॉलमध्ये फेका, उरलेले विकून मोकळे व्हा आणि कुठे बोलू नका. फोटो पाठवलाय. काय करू? (एक वाचक, मांजलपूर, बडोदा)

उत्तर: आधी मामांना फोन करा आणि सांगा की कॅनॉलमध्ये एकही मासा टाकायचा नाही, बाकीचं नंतर वाचा. फोटोतल्या माशाचं शेपटीजवळचं मांस इतकं गेलंय की आतला काटा दिसतोय, बघून वाईट वाटलं हो. मला हा ईयूएस वाटतो, म्हणजे जखमांचा साथीचा रोग, पण पक्कं लॅबच सांगणार. हा बुरशीसारख्या एका पाण्यातल्या जिवामुळे होतो, त्याचे बीजाणू पोहत येऊन खरचटलेल्या कातडीला चिकटतात, आणि थंडीत माशाची ताकद कमी झालेली असते म्हणून नेमका तेव्हाच जोर करतो. मरळ, मृगळ याला लवकर बळी पडतात, कॉमन कार्प आणि तिलापिया सहसा टिकतात, त्यामुळे तुम्ही कार्पचं लिहिलंत ते फार कामाचं आहे, मत्स्य खात्याच्या ऑफिसातही आवर्जून सांगा.

आता लपवण्याचं. हा रोग 1971 मध्ये जपानमध्ये दिसला, 1988 मध्ये भारतात आला, 2007 च्या सुमारास आफ्रिकेत झांबेझी नदीत पोचला, म्हणजे मासा आणि पाणी जाईल तिकडे हा जातो. म्हणूनच पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत तो आहे, सदस्य देशांना त्याची माहिती कळवावी लागते आणि त्यावरून कुठून मासे घ्यायचे, कोणतं हेल्थ सर्टिफिकेट मागायचं, क्वारंटाईन किती, हे ठरतं. ही सगळी साखळी मामांसारख्या माणसाच्या एका फोनपासून सुरू होते, तो फोनच झाला नाही तर वरच्या कागदांना काय अर्थ! जिल्ह्याच्या मत्स्य खात्यात कळवा, किंवा 2023 मध्ये आलेल्या ‘रिपोर्ट फिश डिसीज’ ॲपवर टाका.

जखमी मासे विकू नका, खाऊही नका, त्या जखमांत इतर जंतू वाढलेले असतात. मेलेले तळ्यापासून लांब खड्ड्यात चुना टाकून पुरा. तळ्यात चुना किंवा भुवनेश्वरच्या मत्स्य संशोधन संस्थेनं काढलेलं सिफॅक्स हे औषध टाकतात, पण किती टाकायचं ते पाणी तपासून अधिकाऱ्यालाच ठरवू द्या, अंदाजानं ओतू नका. आणि जाळं, बादल्या चांगल्या कडक उन्हात वाळवा, पूर्ण वाळल्यावर तो जीव टिकत नाही, तोवर शेजाऱ्यांनी मागितलं तरी जाळं देऊ नका.