काहीच त्रास नसताना कौटुंबिक अभ्यासासाठी हृदयाचं सीटी स्कॅन का करतात?

तुमचा प्रश्न मला असा समजला: आईवडील अनेक वर्षं एका हृदयरोग अभ्यासात आहेत आणि आता त्याच अभ्यासाने तुम्हाला आणि भावाला सीटी स्कॅनसाठी बोलावलंय. छातीत दुखत नाही, दम लागत नाही, मग उगाच रेडिएशन का घ्यायचं? आणि आईवडिलांची सगळी माहिती हाताशी असताना तुमच्या धमन्या बघून त्यांना नवीन काय कळणार? अशा स्कॅनवर कॅल्शियम मोजणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

त्रास नाही म्हणूनच तुम्हाला बोलावलंय. या प्रकारच्या संशोधनाचं सगळ्यात जुनं आणि नावाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला फ्रेमिंगहॅमचा अभ्यास. १९४८ मध्ये ५,२०९ जणांपासून तो सुरू झाला, १९७१ मध्ये त्यांची मुलं आणि मुलांचे जोडीदार आले, २००२ पासून नातवंडांची पिढी. सुरुवातीच्या काळात मोजायचं काय, तर हार्ट अटॅक आणि मृत्यू. पण बापाला पंचावन्नाव्या वर्षी अटॅक आला आणि मुलगा आज अडतीसचा आहे, तर मुलाच्या रकान्यात काय भरणार? वाट बघत बसायचं. सीटीने ती अडचण बरीच दूर केली. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साचू लागला की पुढे त्यात कॅल्शियम जमतं, आणि ते लक्षणं दिसण्याच्या कित्येक वर्षं आधी स्कॅनवर पांढरं चमकतं. म्हणजे अडतिसाव्या वर्षीही रकान्यात एक आकडा येतो. फ्रेमिंगहॅममध्ये २००२ ते २००५ च्या दरम्यान मुलांच्या आणि नातवंडांच्या पिढीतल्या हजारो लोकांचे असे स्कॅन झाले. पुरुष ३५ च्या पुढचे, बायका ४० च्या पुढच्या, कारण बायकांमध्ये हे कॅल्शियम साधारण दहाएक वर्षं उशिरा दिसतं.

आता प्रत्यक्ष स्कॅन. छातीला ईसीजीचे लीड लावतात, टेबलवर झोपवतात, ‘श्वास घ्या, रोखून धरा’ म्हणतात, आणि काही सेकंदांत काम आटोपतं. सुई नाही, डाय नाही. ईसीजी अशासाठी, की दोन ठोक्यांमध्ये हृदय जवळजवळ स्थिर असतं तेवढ्याच क्षणाचं चित्र हवं असतं. नाहीतर एक ठिपका ओघळून दोन दिसतात.

मग ती चित्रं माझ्यासमोर येतात, अडीच-तीन मिलिमीटर जाडीच्या स्लाइसमध्ये. सीटीच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार. १९९० मध्ये आर्थर ॲगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे १३० किंवा त्याहून जास्त मापाचा ठिपका कॅल्शियम धरायचा. ठिपक्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्यातल्या सगळ्यात चमकदार बिंदूप्रमाणे त्याला १ ते ४ ने गुणायचं. समजा ठिपका ६ चौरस मिलिमीटरचा आहे आणि कमाल माप ३०५ आलं. गुणक ३, म्हणजे गुण १८. अशा सगळ्या ठिपक्यांच्या गुणांची बेरीज म्हणजे कॅल्शियम स्कोअर. तोच ठिपका दुसऱ्या मशीनवर २९५ दिसला, तर गुणक २, गुण १२. धमनी तीच, माणूस तोच, आणि आकडा एक तृतीयांशाने खाली. शिवाय कुठला ठिपका धमनीतला आणि कुठला हृदयातल्या मायट्रल झडपेच्या कडेचा, हे डोळ्यांनी ठरवावं लागतं. सर्कमफ्लेक्स ही हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी त्या कडेच्या इतकी जवळून जाते की नवखा माणूस हमखास फसतो.

उपचारासाठी आलेल्या एका माणसाच्या बाबतीत १८ काय आणि १२ काय, फारसं बिघडत नाही. पण आईचं स्कॅन एका मशीनवर, मुलाचं दहा वर्षांनी दुसऱ्यावर, आणि त्यातून आनुवंशिकतेबद्दल काही बोलायचं असेल, तर हा फरक सगळं मातीमोल करू शकतो. माझ्या मते या संशोधनातला खरा कस इथे लागतो. चित्र सुंदर असण्यापेक्षा ते आधीच्यासारखं असणं महत्त्वाचं. म्हणून तुमच्या पाठीखाली एक चपटी पट्टी ठेवलेली दिसेल. तिला फँटम म्हणतात, आणि तिच्यात कॅल्शियमचं ठरावीक प्रमाण असतं, त्यावरून मशीनचं माप जुळवून घेतात. ट्यूबचा व्होल्टेज, स्लाइसची जाडी हेही ठरलेलं. व्होल्टेज कमी केला तर रेडिएशन वाचतं, पण कॅल्शियम जास्त चमकतं, आणि जुन्या आकड्यांशी तुलना बिघडते. अमेरिकेतल्या मेसा नावाच्या मोठ्या अभ्यासात (तो कौटुंबिक नाही, पण शिस्त तीच) प्रत्येकाचं स्कॅन लागोपाठ दोनदा करून सरासरी घेतली होती.

आता कुटुंबच कशाला? घराण्यात हृदयरोग आहे असं आपण सहज म्हणतो, पण त्यात रक्ताचा वाटा किती आणि एकाच घरात राहण्याचा किती? भावंडांमध्ये दोन्ही गोष्टी मिसळलेल्या. नवरा-बायकोत घर एक, रक्त वेगळं. त्यामुळे जोडीदारांनाही अभ्यासात घेतलं की हा गुंता थोडा सुटतो. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान असे हिशेब वजा केल्यावर कॅल्शियममधल्या उरलेल्या फरकापैकी साधारण ४० टक्के आनुवंशिक असावा, असं कौटुंबिक अभ्यासांतून पुढे आलंय. हा आकडा लोकसंख्येतल्या फरकाबद्दलचा आहे. तुमच्या स्वतःच्या कॅल्शियमपैकी ४० टक्के वडिलांकडून आलं, असा त्याचा अर्थ लावू नका. २००७ मध्ये हार्ट अटॅकशी जोडला गेलेला नवव्या गुणसूत्रावरचा एक भाग पुढे कॅल्शियमशीही जोडलेला सापडला. तो कोलेस्टेरॉलच्या वाटेने काम करत नाही, म्हणून संशोधकांचा त्याच्यावर विशेष डोळा.

काही वर्षांनी पुन्हा बोलावतील, तेव्हाही जमल्यास जा. पहिलं स्कॅन कुठवर आलंय ते सांगतं, दुसरं किती वेगाने वाढतंय ते. मात्र त्यातही मेख आहे. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या, घेणाऱ्यांचा कॅल्शियम स्कोअर कधीकधी वाढतो, कारण मऊ थर घट्ट होतो, आणि घट्ट थर फुटण्याचा धोका कमी. त्यामुळे चालू असलेल्या गोळ्यांची नावं अभ्यासवाल्यांना नीट सांगा.

त्याच चित्रांतून महाधमनीतलं कॅल्शियमही मोजतात. पोटाचा भाग घेतला असेल तर आतड्यांभोवतीची चरबी आणि यकृतातली चरबीसुद्धा.

रेडिएशनचं म्हणाल, तर नुसत्या हृदयाच्या कॅल्शियम स्कॅनला साधारण १ मिलिसिव्हर्ट लागतं. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ च्या आसपास मिळतंच. पोटही घेणार असतील तर डोस वाढतो, तो आधी विचारा. गरोदर असण्याची शक्यता असेल तर स्कॅन नकोच.

फुकटात तपासणी होते म्हणून जाऊ नका, हे माझं मत. स्कोअर शून्य आला तर येत्या काही वर्षांत धोका कमी, हे खरं, पण मऊ थर या स्कॅनमध्ये दिसत नाही, आणि तरुण वयात शून्य येणं तसंही नेहमीचंच. स्कोअर चारशेच्या वर गेला तर हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा, पण त्यातून ब्लॉकेज किती टक्के हे कळत नाही, तेवढ्यावरून अँजिओग्राफीला धावू नका. खरी डोकेदुखी भलत्याच गोष्टीची होते. हृदयाच्या आजूबाजूचं फुप्फुसही चित्रात येतं आणि त्यात एखादी बारीक गाठ दिसते. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी निघते, पण तोवर घरादाराची झोप उडते. म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी विचारा: स्कोअर मला कळवणार का, असं काही दिसलं तर फोन कोण करणार, आणि पुढच्या तपासणीचा खर्च कोणाचा. भावालाही हे वेगळं विचारायला सांगा, कारण त्याला आपला आकडा जाणून घ्यायचाच नसेल, असंही असू शकतं.