कोळशाच्या जहाजावरनं विमानं कशी उडाली?

प्रश्न : मुलगा नेव्हीच्या भरतीची तयारी करतोय. त्याच्या गाइडमध्ये लिहिलंय की अमेरिकेची पहिली विमानवाहू नौका आधी कोळसा वाहायची. आपल्या भागात समुद्रच नाही, विचारावं तरी कुणाला. हे खरंय का, आणि तिनं लढाया किती केल्या? – एक वाचक, उदगीर

उत्तर : हो, खरंय. जहाजाचं नाव 'ज्युपिटर', १९१३ ला नौदलात आलं, काम काय तर बाकीच्या युद्धनौकांना कोळसा पोचवायचा. पुढं अमेरिकेतल्या नॉरफोकच्या गोदीत कोळसा उचलायची यंत्रं काढून टाकली, वरनं एक लांबच लांब सपाट डेक बसवला आणि २० मार्च १९२२ ला तेच जहाज 'लँग्ली' नावानं परत कामावर आलं. जगातलं पहिलं मात्र म्हणू नका, ब्रिटनचं सपाट डेकवालं 'आर्गस' १९१८ लाच आलं होतं, आणि तेही मुळात इटलीसाठी बांधायला घेतलेलं प्रवासी जहाज. लातूरकरांना हे समजवायची गरज नाही, २०१६ ला मिरजेहून पाणी घेऊन जी रेल्वे आली तिच्या टाक्या कुठं पाण्यासाठी बनवलेल्या होत्या, तेलाच्याच टाक्या कोट्याला धुऊन घेतल्या होत्या. नड असली की हाताशी असेल ते कामाला लावतात.

आता लढायांचं. विमानवाहू म्हणून एकही नाही, आणि तरी माझ्या मते लँग्लीचं मोल फार मोठं आहे कारण ती शाळा होती. १७ ऑक्टोबर १९२२ ला तिच्यावरनं पहिलं विमान उडालं, नऊ दिवसांनी शेव्हॅलिए नावाच्या पायलटनं चालत्या लँग्लीवर पहिल्यांदा विमान उतरवलं, आणि तीन आठवड्यांच्या आत तो दुसऱ्या एका विमान अपघातात गेला. हे वाचलं की पोटात कालवतं. जहाजावरचे अधिकारी व्हाइटिंग डेकच्या मागच्या कोपऱ्यात उभं राहून उतरणारं प्रत्येक विमान बघायचे, हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यानं त्याची फिल्म घ्यायचे. ते जरा वाकले, हात वर गेला, की येणाऱ्या पायलटला कळायचं आपण खाली आलोय का वर राहिलोय. त्यातनंच पुढं डेकवर उभं राहून पायलटला इशारे देणारा वेगळा अधिकारीच नेमायची पद्धत पडली.

जहाजाच्या मागच्या टोकाला निरोपाच्या कबुतरांची खोली पण होती बरं का. थोडी थोडी सोडली की ती परत यायची, पण एकदा समुद्रात सगळी एकदम सोडली तर ती सरळ नॉरफोकला गेली आणि गोदीच्या क्रेनवर जाऊन बसली, कारण शिकली होती तिथंच! मग ती खोली एका अधिकाऱ्याला राहायला दिली.

१९३६-३७ मध्ये नवी मोठी जहाजं आल्यावर लँग्लीचा पुढचा डेक कापला आणि तिला पाण्यावर उतरणाऱ्या समुद्री विमानांच्या देखभालीला लावलं. २७ फेब्रुवारी १९४२ ला ती जावा बेटाकडं ३२ लढाऊ विमानं घेऊन निघाली होती, वरनं जपानी बॉम्बर आले, पाच बॉम्ब लागले. विमानं डेकवरच उभी होती, पण धावायला पुढं डेकच उरला नव्हता, एकही उडू शकलं नाही. जहाज वाचत नाही म्हटल्यावर माणसं उतरवून घेतली आणि सोबतच्या आपल्याच विनाशिकांनी तिला बुडवलं.