डन आणि स्पिनर : माश्या दोन की एक?

प्रश्न असा आहे : इंग्लंडमधल्या टेस्ट नदीवरच्या ट्राउट मासेमारीचा लेख मराठीत आणायचाय. त्यात मेफ्लाय या ट्राउटच्या खाण्यातल्या पाणमाशीबद्दल कधी ‘डन’ येतं, कधी ‘स्पिनर’. या दोन जाती आहेत का, आणि मराठीत काय लिहावं?

जाती नव्हेत, अवस्था. पाण्यातलं पिल्लू पृष्ठभागावर येऊन पंख उघडतं, तो डन. पंख धुरकट, त्यांवर बारीक लव. सहसा काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी तो झाडोऱ्यात बसून पुन्हा कात टाकतो आणि आरपार दिसणाऱ्या चकचकीत पंखांचा स्पिनर होतो. उडण्याजोगे पंख आल्यावरही कात टाकणारा आजच्या कीटकांत हा एकच गण, म्हणजे अनेक जातींचा मोठा गट. त्यामुळे शेतीच्या माहितीपत्रकांतली ‘पिल्ले व प्रौढ’ ही आपली नेहमीची जोडी इथे एका पायरीने तोकडी पडते.

‘डन’ हा मुळात रंग. राखाडीकडे झुकणारा तपकिरी; घोड्यांच्या रंगालाही म्हणतात. ‘मातकट’ त्याच्या जवळ जातो, पण ‘आयर्न ब्लू डन’ या एका मेफ्लायच्या नावाचं ‘लोहनील मातकट’ करून बघा! ‘स्पिनर’ला ‘फिरकी’ म्हटलंत तर वाचक थेट खेळपट्टीवर पोचणार. शिवाय गळाच्या दोरीला लावतात त्या गरगर फिरणाऱ्या धातूच्या पात्यालाही स्पिनरच म्हणतात. माझं मत : दोन्ही शब्द तसेच ठेवा, पहिल्या वापराला अर्ध्या ओळीत उलगडा द्या. फक्त ‘डन’ एकटा सोडू नका, लोक ‘झालं’ असं वाचतील. ‘डन अवस्था’ लिहा.

खरी फसगत पुढे आहे. काही वेळा एकाच कीटकाचं नावच अवस्थेबरोबर बदलतं. ‘ब्लू-विंग्ड ऑलिव्ह’ची मादी स्पिनर झाली की अंगाच्या तांबूस रंगावरून ‘शेरी स्पिनर’ होते. ‘इफेमेरा डॅनिका’चा डन म्हणजे ‘ग्रीन ड्रेक’, आणि अंडी घालून पाण्यावर पडलेली मादी ‘स्पेंट नॅट’. इथे ड्रेक म्हणजे बदक नाही आणि नॅट म्हणजे चिलटही नाही. त्यात तिथले गळवाले नुसतं ‘मेफ्लाय’ म्हणतात तेव्हा बहुधा हीच मोठी जात त्यांच्या मनात असते, मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत उडणारी. कीटकशास्त्रज्ञाची मेफ्लाय म्हणजे मात्र अख्खा गण, आणि त्यातल्या काही जाती मार्चमध्येच दिसू लागतात. लेखातली ‘मेफ्लाय’ कुणाच्या तोंडी आहे ते आधी बघा.

मूळ लेखकाने अवस्था सांगितलीच नसेल, तर पंखांचं वर्णन शोधा. पाण्यावर शिडासारखे उभे मिटलेले पंख आणि मागे दोन किंवा तीन शेपट्या असतील, तर बहुतेक डन. पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरून पाण्याला चिकटलेले असतील, तर अंडी घालून संपलेली स्पिनर. पंख पाठीवर सपाट किंवा दोन्ही अंगांना उतरते मिटलेले असतील, तर ती मेफ्लायच नव्हे. सपाट पंखांची ती स्टोनफ्लाय, उतरत्या पंखांची ती कॅडिस; दोन्ही वेगळ्याच गणांतल्या पाणमाश्या.