मेरेवरचा गणपती आणि वाचकांचे इतर प्रश्न

मासिकाच्या दर अंकात शेवटून दुसऱ्या पानावरची चौकट व्यंगचित्राने भरून मोकळे व्हायचे, एवढेच माझे काम. परंतु गणपतीच्या अंकातील चित्रावर इतकी पत्रे आली की संपादकांनी या वेळी चौकट काढून घेतली आणि पत्रांचा गठ्ठा मालवणला माझ्या घरी पाठवून दिला. ज्यांनी ते चित्र पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भातशेतीच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, एक आजोबा डोक्यावर पाट आणि पाटावर गणपती घेऊन उभे आहेत. समोर मुंबईहून आलेला नातू फोन रोखून आहे आणि मोकळ्या हाताने ‘मागे जा, परत या’ अशी खूण करीत आहे. चित्राखाली ओळ नव्हती.

प्रश्न : हल्ली काहीही घडले की तासाभरात त्यावर मीम आणि रील यांचा पाऊस पडतो. मासिकातील व्यंगचित्र तोवर शिळे होत नाही का? (एक वाचक, दापोली)

होते. पण सगळेच मासे ताजे खायचे नसतात. काही खारवून, वाळवून आषाढासाठी ठेवावे लागतात, आणि जो बांगडा खारवायचा त्याची निवड व कापणी वेगळी असते. मीम करणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, कारण त्यांची नजर तल्लख आहे. मात्र त्यांच्या हाती असलेला चेहरा उसना असतो. कुठल्यातरी चित्रपटातील नटाची मुद्रा घ्यायची आणि तिच्यावर आपले वाक्य चिकटवायचे, ही ती रीत आहे; त्यामुळे तो नट विसरला गेला की विनोदही विसरला जातो. व्यंगचित्रकाराला चेहरा, खांदे, पाय, चपला हे सारे स्वतः उभे करावे लागते आणि त्या खटाटोपातच आपल्याला नेमके कशाचे हसू आले होते, ते त्याला कळत जाते.

मेरेवरच्या गणपतीचेच उदाहरण घेऊ. मला आधी सुचले होते ते चित्र याहून चटपटीत होते. फळापानांनी सजवून टांगलेल्या माटवीखाली गणपती बसला आहे आणि त्याच्या मस्तकामागे प्रभावळीच्या जागी रील करणाऱ्यांचा तो गोल दिवा लावलेला आहे. पाहताक्षणी हसू येईल असे चित्र होते, मी ते पेन्सिलीने पूर्णही केले, आणि दोन दिवसांनी बाजूला ठेवले. कारण त्यात हसण्याजोगे जे होते ते सगळे दिव्यात होते, माणूस कुठेच नव्हता. पाच वर्षांनी तो दिवा माळ्यावर गेला की चित्रही माळ्यावर जाणार. मग मी विचार केला की हा दिवा, हा फोन घरात आल्यामुळे कोणाच्या उभे राहण्यात फरक पडला? उत्तर मिळाले ते गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यातून, मूर्ती घरी आणताना पाहिलेल्या माणसांत. डोक्यावर देव आहे, पायाखाली चिखल आहे, मेर हातभर रुंद आहे आणि अशा स्थितीत माणसाला पुन्हा पहिल्यापासून चालायला सांगितले जात आहे. फोनच्या जागी उद्या दुसरे काही आले तरी हा माणूस तसाच उभा राहील.

शि. द. फडणीस यांनी १९५२ साली ‘मोहिनी’ मासिकासाठी केलेले मुखपृष्ठ अनेकांना आठवत असेल. बसच्या थांब्यावर एक तरुणी आणि एक तरुण उभे आहेत, तिच्या साडीवर मांजरांचे छाप आहेत आणि त्याच्या शर्टावर उंदरांचे. छापील कापडाची ती तऱ्हा केव्हाच मागे पडली, तरी अनोळखी मुलीशेजारी उभ्या असलेल्या मुलाचा संकोच त्यात शाबूत आहे. चित्रात शब्द नाही. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूससुद्धा १९५१ पासून पाच दशकांहून अधिक काळ नुसता पाहत उभा राहिला. बोलणारे बदलत गेले, विषय बदलत गेले, त्याने मात्र तोंड उघडले नाही, आणि म्हणून तो कोणत्याही वर्षीच्या चित्रात परका वाटत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात कागदावर शाई फुटते. आपण काय करता? (एक विद्यार्थिनी, वेंगुर्ला)

मृगाच्या आधी जाड कागदाचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या पेटीत टाकतो आणि पेटीत कळीच्या चुन्याची पुरचुंडी ठेवतो. चुना ओल ओढून घेतो. मात्र तो कागदाला थेट लागू देऊ नये. एका वेळी एकच कागद बाहेर काढावा आणि शाई लावण्यापूर्वी तो विजेच्या दिव्याखाली थोडा वेळ धरावा. एवढे करूनही जुलैत रेघ फुटतेच, तेव्हा त्या महिन्यात मी ढग आणि म्हशी असलेले विषय घेतो.

प्रश्न : आपल्या चित्रांत चाकरमानी नेहमी हास्यास्पद असतो. आम्ही गर्दीतून हाल सोसत गावी येतो, घराचा आणि गणपतीचा खर्च उचलतो, आणि आपण मात्र गावात निवांत बसून आमची टर उडवता. हे योग्य आहे का? (एक चाकरमानी, डोंबिवली, मूळ गाव लांज्याजवळ)

आपल्या पत्रातील राग मला मान्य आहे आणि त्यातील अर्धा तरी माझ्या वाट्याचा आहे. ६० दिवस आधी आरक्षण उघडताच गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत कशा भरतात, आणि रेल्वे नाही मिळाली तर २०११ पासून रुंद होत असलेल्या मुंबई-गोवा महामार्गावर रात्र कशी काढावी लागते, हे मला ठाऊक आहे. आणि तरीही गेल्या दहा वर्षांत मी काढलेला प्रत्येक चाकरमानी गाडीतून उतरताना ताजातवानाच आहे. ती चूक माझी.

परंतु मेरेवरच्या चित्राबाबत माझी बाजू ऐकून घ्या. आपण नातवाचा हात पाहिला, आजोबांचा पाय पाहिला नाही. त्यांचा उजवा पाय आधीच मागे वळलेला आहे. सदऱ्याच्या खिशात कंगवा आहे आणि मिशा नुकत्याच कोरलेल्या आहेत. म्हातारबुवांना परत चालायचे आहे, कारण पहिल्या खेपेला आपण नीट दिसलो नसू, अशी शंका त्यांनाही आलेली आहे. चित्र छापताना आकार लहान झाल्यामुळे कंगवा दिसेनासा झाला, हे मान्य. पाय मात्र अजूनही दिसतो.

प्रश्न : व्यंगचित्र ही मुळात इंग्रजांकडून आलेली कला नव्हे काय? (एक निवृत्त ग्रंथपाल, कुडाळ)

छापील व्यंगचित्राची वाट तिकडूनच आली, यात वाद नाही. लंडनमध्ये १८४१ साली ‘पंच’ निघाले आणि त्या नावाची पत्रे आपल्याकडेही निघू लागली. लखनौचा ‘अवध पंच’ १८७७ चा. पण आपण कुडाळला राहता आणि पिंगुळी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथील ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेत एकामागून एक चित्र पुढे धरीत वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने कथा सांगितली जाते. चित्रांचा क्रम लावणे, मधला भाग प्रेक्षकाच्या मनावर सोडणे आणि पुढचे चित्र केव्हा उघडायचे याचा नेम साधणे, ही चित्रपट्टी काढणाऱ्याची सारी कसरत तेथे आहे. याच परंपरेसाठी पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

आणि थट्टेचे म्हणाल, तर ती दशावताराने शिकवली. काळ्या कपड्यांतला संकासूर रंगमंचावर येतो, वेद चोरणारा दैत्य म्हणून येतो, आणि बघता बघता समोर बसलेल्या गावकऱ्यांच्या चालू भानगडींवर बोलू लागतो. संवाद लिहिलेले नसतात. आज या गावात, उद्या त्या गावात, आणि प्रत्येक ठिकाणी त्या गावापुरता विनोद. ज्याच्यावर तो होतो तो मानकरी पहिल्या रांगेत बसलेला असतो आणि त्यालाही हसावे लागते. व्यंगाची याहून कडक परीक्षा कोणत्याही छापखान्यात होत नसेल. ‘पंच’ने आम्हाला चौकट दिली असेल, तिच्यात तोंड वर करून बोलायचे कसे हे मी मात्र देवळासमोरच्या मांडवात पाहिले.

प्रश्न : आता संगणकाला नुसते सांगितले की तो चित्र काढून देतो. मार्च २०२५ मध्ये आमच्या घरातील सर्वांची छायाचित्रे घिबली या जपानी कार्टूनपटांच्या स्टुडिओच्या शैलीत झाली होती. मग चित्रकाराचे काम काय उरले? (एक आजी, रत्नागिरी)

आपल्या घरातल्यांप्रमाणे माझ्या घरातलेही त्या आठवड्यात गोल गालांचे आणि टपोऱ्या डोळ्यांचे झाले होते, आणि खरे सांगायचे तर मला माझे चित्र आवडले, कारण त्यात पोट नव्हते. गंमत म्हणून ते ठीक आहे. फक्त ज्या स्टुडिओत माणसे वर्षानुवर्षे हाताने एकेक चित्र काढीत आली, त्याचेच रूप चिमूटभर श्रमाने सगळ्यांच्या अंगावर चढले, हे मनाला लागले.

माझ्या धाकट्याने नंतर त्या यंत्राला काजूच्या बागेत बसलेले आजोबा काढायला सांगितले. आजोबा छान आले. काजूची बी मात्र बोंडाच्या डोक्यावर, देठाजवळ आली; प्रत्यक्षात ती खाली लोंबते, हे येथील दुसरीतला मुलगाही सांगेल. ही चूक यंत्र लवकरच सुधारेल आणि मग मला दुसरे काही बोलता येणार नाही, म्हणून या एका चुकीवर मी भिस्त ठेवीत नाही. मला खटकले ते निराळेच. त्या चित्रातले आजोबा सर्वांना आवडतील असे होते. आमच्या ओळखीतले आजोबा तसे नसतात. काजू मोजताना ते आम्हाला लांब उभे राहायला सांगतात. प्रेम आणि संशय एकाच चेहऱ्यावर आणायचा, तर तो चेहरा आधी कोणीतरी सोसलेला असावा लागतो.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. वहीच्या मागच्या पानांवर शिक्षकांची चित्रे काढल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. त्याला रोखावे की नाही? (एक पालक, चिपळूण)

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे बालपण गोव्यातील लोटलीला गेले. घराच्या भिंतींवर ते चित्रे काढीत, तेव्हा त्यांच्या आईने त्यांना एक कोरी वही आणून दिली, आणि ती त्यांची रोजनिशी झाली. शाळेत पाद्रींची चित्रे काढल्यामुळे त्यांनाही बोलणी खावी लागली होती. तेव्हा आपल्या मुलाचे दुखणे जुने आहे आणि त्यावर कोरी वही हा उपाय लागू पडलेला आहे. जे. जे. कलाशाळेने लक्ष्मण यांना प्रवेश नाकारला होता, हेही लक्षात असू द्यावे. फक्त ते मुलाला एवढ्यात सांगू नये, नाहीतर तो दहावीचा अभ्यास सोडून देईल.

माझी एक अट मात्र त्याला घाला. शिक्षकांच्या आधी त्याने स्वतःच्या वडिलांचे चित्र काढावे आणि ते जेवणाच्या वेळी सर्वांसमोर दाखवावे. नाक मोठे काढणे सोपे असते. सकाळी साडेसातच्या एसटीसाठी धावणारा बाप मनगटावरचे घड्याळ कसे पाहतो, हे काढायला रोज पाहावे लागते. आणि तेवढे पाहिल्यावर त्या माणसाविषयी नुसता राग शिल्लक राहत नाही, असा माझा अनुभव आहे. शिक्षकांची चित्रे त्यानंतर खुशाल काढावीत. ती अधिक झोंबतील.

प्रश्न : माझे व्यंगचित्र सही कापून व्हॉट्सॲपवर फिरत आहे. मी नोंदणी केलेली नाही. काही करता येते का? (एक तरुण चित्रकार, सावंतवाडी)

येते. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार चित्र काढले की हक्क आपोआप निर्माण होतो, नोंदणी बंधनकारक नाही, आणि तो चित्रकाराच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे चित्र विकले असले तरी ‘हे माझे आहे’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याकडेच राहतो. मूळ कागद आणि तारीख जपून ठेवा. व्यवहारात मात्र फिरणाऱ्या चित्राच्या मागे धावून दमायला होते. म्हणून सही कोपऱ्यात न करता आकृतीच्या आत, धोतराच्या चुणीत किंवा होडीच्या फळीवर करावी. ती कापायची तर माणूसही कापावा लागेल.

प्रश्न : छोट्या गावात राहून माणसांची चित्रे काढता. कोणी रागावत नाही का? (एक वाचक, देवगड)

मोठ्या शहरातल्या व्यंगचित्रकाराला आपल्या चित्रातला माणूस सहसा भेटत नाही. मला तो सकाळी दुधाच्या दुकानात आणि संध्याकाळी जेटीवर भेटतो. त्यामुळे माझे काही विनोद जन्मालाच आले नाहीत, हे कबूल करतो. पण जे आले ते तपासून आले.

एकदाच मला खडसावले गेले. मासळी बाजारातील एका मावशींवर मी चित्र काढले होते. समोर गिऱ्हाईक फोनवर घासाघीस करीत आहे, आणि मावशी दुसऱ्या फोनवर त्याच्याच बायकोशी बोलून भाव पक्का करीत आहेत, असा प्रसंग होता. मावशींना मी चांगल्याच रुंद काढले होते, म्हणून अंक निघाल्यावर चार दिवस मी त्या बाजूला फिरकलो नाही. पाचव्या दिवशी त्यांनीच हाक मारली. मासिकाचे पान टोपलीखाली दुमडून ठेवलेले होते. त्यांनी ते काढले आणि टोपलीतल्या माशावर ओले बोट ठेवले. बांगड्याच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, जे बारीक बारीक पर ओळीने असतात ते मी काढलेच नव्हते. “माका कशीय काढ,” त्या म्हणाल्या, “पण बांगडो बांगडो दिसाक होयो.” आणि टोपलीतला एक बांगडा त्यांनी नमुन्यासाठी माझ्या पिशवीत टाकला, पैसे मात्र घेतले.